वॉकर

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
नर्सने बाबांपुढे अ‍ॅल्युमिनियमची चौकट ठेवली
आणि स्वतःच हसली,
"मिस्टर वॉकर, हा तुमचा वॉकर."
बाबा हसले नाहीत. खुबा नुकताच बदललेला.
म्हणाले, "आमच्यात कुणी कधी कुठे गेलंच नाही, पोरी."

खरंय ते.
नाव ऐकून वाटावं, पायाला भिंगरी असलेली माणसं,
डोंगर ओलांडणारी, बंदरं गाठणारी.
पण पहिला वॉकर उभा होता एका हौदात,
पोटरीपर्यंत शिळ्या मुतात,
घरोघरून घागरींनी जमवलेल्या,
आणि तुडवत होता मागावरून उतरलेलं लोकरी कापड
तेल सुटेपर्यंत,
धागा धाग्याला धरेपर्यंत.
दिवसभर चाल. संध्याकाळी तिथेच.

कुठल्याशा राजाच्या करासाठी
कारकुनाने विचारलं असेल, कोण रे तू?
डॉब, तो म्हणाला असेल.
डॉब तर गावात सात.
मग कारकुनाने खाली पाहिलं,
पांढरी पडलेली, सुरकुतलेली पावलं,
आणि चामड्यावर लिहिलं:
डॉब वॉकर, चार पेन्स.

पुढे काल्डरच्या पाण्यावर चक्की बसली,
लाकडी हातोडे कापड कुटू लागले.
पाय हौदाबाहेर आले, वाळले.
नाव तेवढं आतच राहिलं.

आजी, थर्झा, केंटहून सून होऊन आली.
माहेरची फुलर.
दक्षिणेत त्याच कामाला तो शब्द,
हे तिला ठाऊक नव्हतं, आजोबांनाही नाही.
चर्चच्या वहीत शेजारी शेजारी सह्या,
एकाच हौदातले दोघे,
इतक्या शतकांनी, ओळख नसल्यासारखे.
ती मात्र शेवटपर्यंत म्हणायची,
तुमच्याकडच्या पाण्याला वास येतो.

बाबांनी चौकट घट्ट धरली.
डावा पाय. थांबले. उजवा.
फरशी नुकतीच पुसलेली, ओली.
खिडकी अकरा पावलांवर.
मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले,
"पाय टेकतोय गं,
पण खाली तुडवायला काही नाही,"
आणि तिथेच उभे राहिले.

नर्सने त्यांच्या पायांकडे पाहिलं,
मनात मोजलं,
तक्त्यावर लिहिलं:
वॉकर, सहा पावलं.