एका हंड्यातलं सूत

दुपारी तीनला गोळीबार चौकात माणूस नसतो.
कूलरचं पाणी संपलेलं, वाळा सुकून कडकडीत,
आणि माझ्या पडद्यावर चार माणसं
चार वेगवेगळ्या उन्हांत.

बाबूराव हेडाऊ, स्टुडिओतल्या रंगवलेल्या तलावापुढे, सन सत्त्याऐंशी,
हळदीच्या हातानं पुसल्यासारखे पिवळे.
थोरला शाळेच्या ओळखपत्रावरचा, ट्यूबलाइटनं निळसर;
त्याचा दुसरा फोटो नाही.
धाकटी अंबाझरीच्या काठावर, संध्याकाळची,
अर्धा गाल केशरी.
आणि वच्छलाबाई स्वतः, आत्ताच काढलेल्या,
माझ्याच चुन्याच्या भिंतीला टेकून.

“एका फोटोत बसव,” म्हणाल्या,
“सगळे एकाच दिवशी बसल्यावानी.”

कापणं सोपं. केसांच्या कडा, कानाची पाळी,
तेवढं हात आपोआप करतो.
थर एकावर एक रचले
आणि एकेकाला रंग लावत बसलो:
याचा पिवळा काढ, त्याचा निळा,
हिच्या सावल्या जरा उचल.
एक जुळला की दुसरा फटकून.
तासाभरानं बाबूराव जांभळे पडले होते.

स्टुलावरून विचारणा झाली,
“काय करून राहिला, बापू?”
“रंग जुळवतोय.”
“एकेक करून?”
हसल्या. तेव्हा दिसलं,
त्यांच्या नखांच्या कडा निळ्या आहेत,
आजच्या निळ्या.

“लडी एकेक करून बुडवली ना, तर पातळाले पट्टे येतात.
आधी खळ धुवून काढ सगळ्यायची.
मंग एका हंड्यात, एकाच वेळेस.
ज्या सुताले जेवढा प्याचा, तेवढा थे पेते.”

मी तासाभराचं काम पुसलं.
प्रत्येकाची खळ तेवढी काढली, पिवळी, निळी, केशरी.
मग चौघांच्या वर एकच थर ठेवला,
ज्यात चित्र नाही, माणूस नाही,
नुसता कल:
वक्ररेषा मधोमध बोटभर खाली,
सावल्यांत थोडी ऊब.
आणि कुणी खिडकी लोटून घ्यावी
तशी चौघांवर एकदम एक दुपार आली.

थोरला तरी जरा बाहेरच.
त्याच्यापुरता एक लहान थर, त्यालाच चिकटवलेला.
“थो तसाच होता,” बाई म्हणाल्या.

मग सवयीनं माझा हात उजळपणावर गेला. अधिक बारा.
लग्नाच्या फोटोंना नऊ वर्षं हाच आकडा लावतो,
कुणी सांगावं लागत नाही.
“थांब. हे कोणाच्या घरचे लोकं होय?”
मी शून्यावर आणला.
बाबूराव परत आले.

“हा डोळा काहाचा?”
थराशेजारच्या खुणेवर त्यांचं बोट.
मी डोळा मिटवला,
चौघं आपापल्या उन्हात निघून गेले.
उघडला, परत एकत्र.
“हंड्यातून काढलेलं सूत कधी पांढरं झालेलं पाहिलं नाही मी,”
म्हणत त्यांनी माऊस स्वतःकडे घेतला
आणि पाच-सहा वेळा
उघड, मिट, उघड, मिट.
मी उठून कूलरमध्ये पाणी टाकून आलो.

शेवटी म्हणाल्या, दोन काढ.
एक उघड्या डोळ्याचा, भिंतीवर लावाले.
एक मिटल्या डोळ्याचा.
तो कुठे लावणार, मी विचारलं नाही.
दोन्हीचे पैसे मोजून दिले, सुट्टे.

फाइल बंद करताना यंत्र विचारतं,
थर एकजीव करायचे का?
नाही म्हटलं.