सोळा स्क्रू

सकाळी सहाला, पाणी अजून गार,
मनकर्णामावशी लुगड्यावर जुना शर्ट चढवून
पोहण्याच्या टाक्यात उतरते. नाक दाबते. बुडते.
काठावर मी, वहीत तारीख घालून.
वर येताना ती बोटं दाखवते: आठ.
पुन्हा जाते, दुसऱ्या तोंडाशी: आठ.
सोळा. सही. मग मोटार.

पहिल्या साली तळाला एकच तोंड होतं,
त्यावर स्प्रिंकलरच्या फिल्टरची चपटी जाळी, तारेनं बांधलेली.
मालक म्हणाले, वावरात चालते, इथं काऊन नाई चालणार?
मावशीनं वाद घातला नाही.
जिनिंगमधून एक रिकामा बारदाना आणला,
दोरी बांधून पाण्यात सोडला.
पाच घोड्यांची मोटार, चालू.
बारदाना तळाकडे असा गेला
जशी खालून कोणी नावानं हाक मारली.
मग ओढायला आम्ही चौघं:
दुर्योधन, मी, मालकांचा ड्रायव्हर, शेवटी मालक स्वतः.
दोरी तुटली.
"आता," मावशी म्हणाली,
"याले वेनी हाय असं समजा, भाऊ."

त्याच आठवड्यात नागपूरहून माणूस आला,
नियमांचा कागद पन्नीत घालून.
दोन तोंडं, एकमेकांपासून लांब,
एक बुजलं तर पाण्याला दुसरी वाट असावी म्हणून.
जाळी फुगीर, कासवाच्या पाठीसारखी.
आणि काठावर, लेकराचाही हात पुरेल असं,
लाल बटण.
कागद मोटारघरात टांगलाय. एक कोपरा वाळवीनं खाल्ला.
मावशीला वाचायला चष्मा लागतो,
पाण्याखाली नाही लागत.

काल रविवार. आर्वीच्या शाळेची सहल,
साठ पोरं, ट्यूब फुगवून रांगेत.
मावशी वर आली. आठ.
पुन्हा गेली. जरा जास्तच वेळ.
वर आली. सात.

मालक म्हणाले, एका स्क्रूनं काय होते?
सर म्हणाले, पैसे भरलेत आम्ही.
मावशीनं मोटारघराला कुलूप घातलं,
किल्ली शर्टाच्या खिशात,
आणि ओलीच्या ओली पायरीवर बसली, वाट अडवून.

दुर्योधन वर्ध्याला गेला, मोटारसायकलवर,
जुना स्क्रू मापाला मुठीत धरून.
तीन तास. पोट्टे काठावर चिवडा खात,
संत्र्याची सालं पाण्यात फेकत,
मावशीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात खडूस म्हणत होते.
एका पोरीनं वेणी सोडली, बांधली, परत सोडली.
मावशी तेवढीच बघत होती.

वहीत मी सात लिहिलं होतं.
साडेबाराला, त्याच रकान्यात,
दुसऱ्या शाईनं: आठ.