पाऊणकी

आमच्या वहीचं नाव 'तपास'. किंमत तीस रुपये,
तिघींनी वर्गणी काढून घेतलेली.
हेमांगीचे दहा अजून येणे आहेत.

पान पहिलं:
तळाशीलच्या खाडीत दाजी कोयंड्यांची होडी
संध्याकाळी माडाला बांधलेली.
सकाळी त्याच माडाला.
पण गाठ वेगळी.

एवढंच. चोरी नाही की काही नाही.
दाजी म्हणाले, "देवचार वल्हयता, दुसरो कोण?"
आणि एक नारळ ठेवून मोकळे झाले.
रुखसार म्हणाली, देवचाराला गाठ मारता येते का,
आधी ते बघू.

तिने गाठीचं चित्र काढलं.
दाजींचा दोर उजवीकडून वळतो, हा डावीकडून.
मग गावातल्या डावखुऱ्यांची यादी: अकरा जण,
त्यात आमचे मुख्याध्यापकसुद्धा.
बारावं नाव मी सांगितलं नाही
कारण तेव्हा सुचलंच नाही.
खरंच.

मग तिथ्या. तृतीया, चतुर्थी, पंचमी.
हेमांगी कॅलेंडर मांडीवर घेऊन पुटपुटायला लागली,
तिच्या पणजोबांची पाऊणकी,
तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ:
तीन पाऊण सव्वादोन,
चार पाऊण तीन,
पाच पाऊण पावणेचार.
म्हणजे पाणी काठोकाठ
आणि गाव गाढ.
जो कोण आहे, त्याला चिखल तुडवायचा नाही
आणि कुणाला भेटायचंही नाही.

षष्ठीला आम्ही होडीच्या फळीवर रांगोळी भुरभुरली.
सकाळी एक पाऊल. छोटं.
अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती बारीकशी रेघ,
जोडव्याची.
"देवचाराचं लग्न झालंय," रुखसार म्हणाली,
आणि आम्ही इतक्या हसलो की बगळे उडाले.

तेवढ्यात फळीखाली मला काच दिसली.
हिरवी, नखाएवढी.
मी ती उचलली,
कंपासपेटीत कोनमापकाच्या खाली ठेवली
आणि म्हटलं, इकडे काही नाही.

घरी आई भाकरी थापत होती.
एका हातात सात बांगड्या, एका हातात सहा.
परातीवर तिचा डावा हात फिरत होता,
जसा रोज फिरतो,
जसा मी बारा वर्षं बघितलाच नव्हता.
बाबा देवगडला, ट्रॉलरवर.
ते म्हणतात, बायलमान्शीन वल्ह्याक हात लावचो नाय.
मी विचारलं, तळव्याला काय झालं?
"विळी लागली," आई म्हणाली.
विळीने फोड येत नाहीत. हे मी वहीत लिहिलं नाही.

पुनवेनंतरची द्वितीया. बे पाऊण दीड.
सुरूच्या झाडांमागे तिघी, एक बॅटरी, चण्यांची पुडी.
चांदणं इतकं की बॅटरी नकोच होती.
ती आली. पदर खोचलेला.
दोर सोडला, होडीत बसली
आणि गेली कुठेच नाही.
होडी जागच्या जागी फिरत राहिली जात्यासारखी,
एकदा डावीकडे, एकदा डावीकडे, मग पुन्हा डावीकडे.
मग हळूच, कसं कोण जाणे,
नाकासमोर सरळ निघाली.
आणि खाडीच्या मध्यावर
माझी आई एकटीच हसली. मोठ्याने.
ते हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं.

हेमांगीने चणे चावायचे थांबवले.
रुखसारने माझ्याकडे बघितलं नाही,
फार काळजीपूर्वक बघितलं नाही.
मी कंपासपेटी उघडली आणि काच त्यांच्यापुढे धरली.
"ती तर रविवारपासून तुझ्या पेटीत आहे," हेमांगी म्हणाली.
"आम्ही पण डिटेक्टिव्हच आहोत गो."

वहीचं शेवटून दुसरं पान, रुखसारच्या अक्षरात:
प्रकरण बंद. गुन्हेगार: देवचार.
उंची: साधारण आईएवढी.
पुरावा: खाडीत पडला.

त्याखाली माझ्या अक्षरात:
आम्हाला शिकवणार का, असं देवचाराला विचारायचं आहे.
कोण विचारणार, ते ठरलेलं नाही.

शेवटचं पान:
सातवी ब मधला खडू कोण खातं?