दरपत्रक

बुधवारच्या बाजाराला मी खिडकी उघडी ठेवतो.
डिचोलीच्या बसस्टँडवरून येणारी माणसं
वडाशी फुटतात. काही माझ्या पायऱ्या चढतात,
काही वळतात काचेच्या नव्या इस्पितळाकडे.
एका हातात मिरच्यांची पिशवी,
दुसऱ्यात मीच काढायला लावलेला एक्स-रे.

वहीत मागच्या बाजूने लिहितो हे सगळं.
पुढच्या बाजूला पेशंट.
पदेर पाव देताना सांगतो, तिथे दुसरी रुग्णवाहिका आली.
औषधकंपनीचा पोरगा टाय सैल करून म्हणतो,
साखर फुकट तपासतात, महिनाभर.
फार्मसीवाला रुद्रेश काही म्हणत नाही,
नुसता गल्ला उघडून दाखवतो.
खाणीचे ट्रक किती सुटले, तेही टिपतो:
ट्रक चालू म्हणजे खोकला चालू,
खोकला चालू म्हणजे
हे वाक्य मी पुरं केलेलं नाही.

शेवटी सत्यवतीला म्हटलं, तू जा.
अकरा वर्षं माझ्या दाराशी नावं लिहून घेते ती.
म्हटलं, डोकं दुखतं म्हणून सांग,
फी बघ, खुर्च्या मोज, किती वेळ बसवतात ते बघ.
पाचशेच्या दोन नोटा दिल्या, रिक्षाचे वेगळे.
चवथीला घेतलेली साडी नेसून गेली.

दोन वाजता आली.
"बत्तीस खुर्च्या, सर. फी चारशे.
नंबर नाही पुकारत, नावानं हाक मारतात."
उरलेले पैसे टेबलावर मोजून ठेवले, चिल्लरसुद्धा.
मग पदराआडून एक फाईल काढली.
"प्रेशर एकशे ऐंशी निघालं."
मी म्हटलं, अगं, डोकेदुखी खोटी सांगायची होती.
ती म्हणाली, "खोटी कुठे? दोन वर्षं दुखतंय."

माझं प्रेशरचं यंत्र तिच्याच टेबलावर असतं.
रोज सकाळी तीच पुसते.

"इथे का नाही सांगितलंस?"
"तुम्ही खिडकीशी असता, सर."

पुढच्या बुधवारी तिने अर्धी रजा मागितली.
तारीख होती, तिथली.
साडी रोजचीच. वडाशी थांबली, एक ट्रक जाऊ दिला,
मग वळली.

त्या दिवशी तिकडे वळले एकोणीस.
तिला धरून वीस.
धरावं की नाही, ते ठरेना.
पेन उघडंच राहिलं
आणि बाहेर कुणीतरी विचारत होतं,
नाव कोण लिहून घेतं इथे?