सात सेंट

नऱ्ह्यात, तिसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेबाराला
मी दोन लाटा एकमेकींवर ठेवते.
दोन्ही करवतीच्या दात्यांच्या, दोन्ही नव्याकोऱ्या,
इतक्या तंतोतंत की दोन असून एकच ऐकू येते.
मग एकीला ढकलते सात सेंट वर.
अर्ध्या सुराचे शंभर तुकडे केले तर त्यातले सात,
दुधवाल्यानं हिशेबात सोडून द्यावेत इतके.
आणि दोघींच्या मध्ये काहीतरी हलू लागतं,
दोरीवरच्या ओल्या चादरीसारखं, जड.

फिल्टर निम्म्यावर. रेझोनन्स चिमूटभर.
सूर उघडायला पाव सेकंद, मिटायला त्याहून बराच जास्त.
गिऱ्हाइकं 'जुना' आवाज मागतात.
जुना म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही.
धूळ घालून पाहिली, टेपची फुसफुस घातली,
पॅच शाळेच्या नाटकातल्या म्हाताऱ्यासारखा झाला:
केसांना पावडर, गुडघे बारा वर्षांचे.

म्हणून रविवारी लॅपटॉप घेऊन घोरपडीला गेले,
इनास रणनवरेंकडे.
ऑर्केस्ट्रात ते सिंथ वाजवायचे.
तसलं यंत्र पुणे जिल्ह्यात एकच होतं, असं त्यांचं म्हणणं;
काकू म्हणतात, दोन होती.

डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले,
"तब्येत फार छान आहे गं याची.
जरा ताप येऊ दे."

आणि सांगत बसले:
मे महिना, यंत्र मेटॅडोरच्या टपावर बांधलेलं,
घोरपडीचं फाटक बंद, मालगाडी काही संपेना.
हडपसरच्या लग्नात पोचेपर्यंत ते असं तापलं
की पहिल्याच गाण्यात सूर वर वर निघाला.
गाणारी शकुंतला काळोखे, तीही गेली त्याच्या मागे,
अकॉर्डियनवाला बिचारा खालीच राहिला,
आणि लोकांना वाटलं, मुद्दाम बसवलंय.
पुढे जनरेटर दमला की सूर बसायचा.
"ट्यूनिंगची खुंटी डाव्या हातात,
गाणं उजव्या."

मी तिथेच खाटेवर बसून ताप लिहिला:
संथ, बेभरवशाची एक लहर,
दोन्ही लाटांना वेगवेगळी,
पट्टी दाबली की दर वेळी नव्या जागेवरून सुरू होणारी.
कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला.

बोटं थरथरत होती. गोळीची वेळ चारची.
ती थरथर पट्टीत उतरली, पट्टीतून फिल्टरमध्ये,
आणि सुराचं असं काही झालं
की काकू पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या.
कुणी काही बोललं नाही.
पंख्याचा खडखडाट तेवढा चालू.

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू.
ही थरथर मोजावी, सेकंदाला पाचेक हेलकावे,
आणि पॅचमध्ये कायमची बसवून टाकावी.
त्यांनी माझा माउसवरचा हात पाहिला.
"ती राहू दे. ती माझी आहे.
घेणाऱ्याला जागा रिकामी दे,
त्याचं तो आणेल."

घरी येऊन कंपन शून्यावर आणलं.
शून्य, पण तार जोडलेली:
पट्टी टेकल्यावर कुणी आणखी दाबली तरच जागं होईल,
दाबेल तेवढंच.
आता पॅच ऐकायला साधा वाटतो, थोडा मंदच.
विकला जाईल की नाही, माहीत नाही.
नावाच्या चौकटीत लिहिलं: फाटक बंद.

दीड वाजता वीज गेली.
सोसायटीतले पंखे एकेक करून गप्प झाले.
लॅपटॉप बॅटरीवर, सूर जागचा हलला नाही,
त्याला काही कळलंच नाही.

मग मीच पिचच्या चाकावर अंगठा ठेवून
त्याला थोडा खाली ओढला,
हडपसरच्या त्या जनरेटरसाठी,
आणि लगेच सोडला नाही.