खटका

जुन्याच्या पाठीला खटका होता.
अंगठ्यानं सरकवला की खट्,
डब्याचा वरचा कप्पा निघावा
तशी बॅटरी हातात यायची.

वडूजला, तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली बसते मी.
टेबल माझं, खुर्ची पारूबाईच्या टपरीची.
अर्ज, प्रतिज्ञापत्र, हक्कसोड, संमतीपत्र.
एक बॅटरी कामावर,
दुसरी पारूबाईच्या चहापत्तीच्या डब्यामागे
चार्ज होत पडलेली.
एक संपली की मजकूर सेव्ह करायचा, मशीन बंद करायचं,
बदलायची, परत चालू.
तेवढ्यात पक्षकार चहा घ्यायचा
आणि एखाद्या वारसाचं विसरलेलं नाव
त्याला नेमकं तेव्हाच आठवायचं.

मग भाच्यानं पुण्याहून नवा पाठवला.
उडदाच्या पापडाएवढा जाड.
"आत्या, आता ओझं नाही वाहायचं."
मी पालथा घालून पाहिला.
पाठ कोरी. खटका नाही.
दहा बारके स्क्रू, चांदणीच्या तोंडाचे,
आमच्या घरातल्या एकाही पान्याशी ज्यांची ओळख नाही.

दोन उन्हाळे गुणानं चालला.
तिसऱ्या उन्हाळ्यात, बेचाळीस अंशांत,
हिरवा घास जास्त झालेल्या गाईसारखं
त्याचं पोट फुगलं.
टचपॅड वर आलं, झाकण मिटेना,
आणि फडतऱ्यांच्या वाटणीपत्रात
'गट नंबर ३१८ मधील विहीर' इथवर येऊन
पडदा काळा.

जालिंदर फडतरे पडद्याकडे बघत राहिला.
रामहरी फडतरे जालिंदरकडे.

इर्शाद मुलाणीचं दुकान स्टँडमागे.
त्यानं दुपट्यात बाळ घ्यावं तसा तो घेतला.
"बाई, फुगल्यावर पण चालवत होता?"
मी म्हटलं, "निघत असती तर काढली असती."
"निघत न्हाई. चिकटवलीय.
बाहेरचं कवच गेलं, कडी गेली, खटका गेला,
ती सगळी जागा सेलला दिली त्यांनी.
तुमचा जुना अडीच तास चालायचा, ह्यो सात.
फुकट काय मिळतंय का?"

शेजारच्या पार्लरमधून त्यानं केस वाळवायचं यंत्र आणलं.
लांबून ऊब देत राहिला, गोंद सैल होईपर्यंत.
मी पिशवीतलं दाभण पुढे केलं.
"दाभण नको! टोचलं तर पेटंल.
दोरा द्या, दस्ताला लावता तो."

लाल दोरा दोन्ही हातांत ताणून
त्यानं बॅटरीखाली घातला
आणि करवतीसारखा मागं-पुढं,
मागं-पुढं.
तेवीस वर्षं त्या दोऱ्यानं मी पानाला पान शिवत आले.
तो कापतोही, हे मला ठाऊक नव्हतं.

सुटली. उशीसारखी फुगीर, चंदेरी.
इर्शादनं ती श्वास धरून उचलली,
बाहेरच्या वाळूच्या बादलीत ठेवली,
मग श्वास सोडला.
साताऱ्याहून नवी यायला चार दिवस लागले.
चार दिवस मी जुना घेऊन बसले.
एक बॅटरी वीस मिनिटं, दुसरी सात.
सात मिनिटांत एक प्रतिज्ञापत्र होतं,
नाव लहान असलं तर.

पाचव्या दिवशी फडतरे आले.
एक सायकलवर, एक एसटीनं.
मी वाचून दाखवलं:
घराची पूर्वेकडील खोली लिहून घेणार नंबर एक,
गोठा लिहून घेणार नंबर दोन,
गट नंबर ३१८ मधील विहीर
दोघांत सामाईक,
पाण्याची पाळी आठ-आठ दिवसांची.
दोघांनी माना हलवल्या.

"आणि मोटार?" जालिंदर म्हणाला.
"मोटार निघती की," रामहरी म्हणाला.
"चार नट."
"निघती. पर मग पाणी कशानं काढायचं?"

पारूबाईनं न विचारता दोन चहा ठेवले.
कोणी कप उचलला नाही.
'सामाईक' या शब्दापुढे कर्सर
लुकलुकत होता. वरती कोपऱ्यात
एकसष्ट टक्के.

घाई नव्हती. मी थांबले.