आटे

सोजरबाईनं पोत्यातून सहा बंदुका काढल्या,
माझ्या लेथपुढं सरपणासारख्या टाकल्या.
"माळेगावची जत्रा नऊ दिवसांवर आली, मुंजाजी,
आन् ह्यांच्या छऱ्यानं फुगा फुटंना.
नुसता हलतो.
पोरं हसायलीत."

गेल्या साली तिच्या नवऱ्यानं
एक बंदूक मांडीवर धरून उघडली होती.
पिन निघाली, आणि मागचा गट्टू
लिंबाजीचे दोन दात घेऊन
स्टॉलच्या पत्र्यातून पार गेला.
भोक अजून आहे.
दुपारी त्यातून फुग्यांच्या फळीवर
उन्हाचा एक रुपया पडतो.
हौशी नेमबाज आधी त्यालाच मारतात.

स्प्रिंगांशी माझी जुनी ओळख,
टमटमच्या, मोंढ्यातल्या काट्यांच्या,
डॉक्टरीणबाईंच्या दाराची ती कुरकुरणारी.
पण ही निराळी.
हिला आत कोंबतानाच तीन बोटं दाबून ठेवलेलं.
बंदूक ताणा, न ताणा, ही ताणलेलीच.
भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या बंदुकीतही
कुणीतरी दातओठ खात बसलेलं असतं.

म्हणून यंत्र.
विकत मिळत असेल कुठं. जिंतूर रोडवर नाही.

चाँदपाशाच्या भंगारात लोखंडी खाट मिळाली,
तिच्या दोन अँगलांचा साडेतीन फुटी सांगाडा.
एका टोकाला बाभळीचा ठोकळा,
नळीचं तोंड टेकायला त्यात खळगा,
खळग्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या रसवंतीचा
चरक आवळायचा स्क्रू, मुठीसकट.
चौकोनी आटे, जाडजूड, घाई न करणारे.
स्क्रूच्या तोंडाला पाइपाचा बुटका तुकडा,
त्याला कुशीत खिडकी कापलेली,
पिन दिसावी म्हणून. ठोकता यावी म्हणून.

पहिल्या खेपेला नट वाकडा वेल्ड झाला.
तीन फेरे दिले आणि बंदूक
मधोमध उचलली गेली, मांजरानं पाठ काढावी तशी.
चाँदपाशा चहाचा ग्लास घेऊनच रस्त्यावर पळाला,
तिथून ओरडला, "मुंजा, सोड! सोड तिला!"
सोडायचं कसं, तेच तर शोधत होतो.

नट कापला. दोरा ताणून सूत धरलं.
ठोकळ्याच्या खळग्यापासून मुठीपर्यंत
एकच रेघ. रात्री साडेअकराला परत वेल्ड.
सकाळी स्क्रूवर मुंग्या.
इतक्या वर्षांनी, ग्रीसच्या वासातही
त्यांना उसाचा पत्ता कुणी दिला कोण जाणे.

लिंबाजी आला तो दारातच थांबला,
तोंडावर हात. सवयच लागलीय म्हणे.
"काय करायलास रे?"
म्हणालो, ये, मूठ धर.
"नको."
मग मी काहीच बोललो नाही,
पान्हे पुसत बसलो.
जरा वेळानं त्याची सावली सांगाड्यावर आली,
मग तो.

अर्धा फेरा आत. पिन सैल झाली,
खिडकीतून एक हलका ठोका,
पिन माझ्या तळहातावर. कोमट.
आता उलटं फिरव, म्हणालो.
त्यानं डोळे मिटून घेतले.
पाव फेरा. पाव फेरा.
आतून कुरकुर आली तसा तो थबकला,
मानेवरची शीर बोटाएवढी.
"चाल, ती बोलतीय नुसती."

अकरा आटे मोजले त्यानं, मोठ्यानं.
अकराव्याला पाइप सुटा झाला
आणि गट्टू सांगाड्यात आडवा पडला,
खेळून दमलेल्या पोरासारखा.

स्प्रिंग ओढून बाकावर ठेवली.
एका अंगाला वाकलेली, दोन वेढे झिजून चमकणारे.
मागून चामड्याचा वायसर,
गेल्या उन्हाळ्यातल्या आंब्याच्या फोडीसारखा कडक.
त्याला वाटीभर तेलात सोडला.

लिंबाजीनं स्प्रिंग उचलली,
दोन बोटांत दाबून पाहिली, दाबली गेली नाही,
तरी हातातच धरून बसला.
दातांच्या फटीतून हवा गेली:
"इतकीच व्हय ही?"

सोजरबाईनं बाहेरून विचारलं, पैसे किती.
मी काहीतरी सांगितलं.
तोवर त्यानं दुसरी बंदूक सांगाड्यात आडवी केली होती,
नळीचं तोंड ठोकळ्यात बसवलं होतं,
आणि मूठ फिरवायच्या आधी
आपलं तोंड, न विसरता,
जरा बाजूला घेतलं होतं.